पैसा स्वतःचा, तरी तोंडाला कुलूप : अमेरिकेचा ‘ग्लोबल हर ॲक्ट’ आहे तरी काय?

अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष बदलला आणि त्याबरोबर पक्षही बदलला, की जानेवारी सरायच्या आत व्हाइट हाउसमध्ये, परकीय मदतीवरच्या एका अटीबद्दल, छोट्याशा कागदावर सही होते. तारखा बघा. 22 जानेवारी 1993, बिल क्लिंटन : अट रद्द. 22 जानेवारी 2001, धाकटे बुश : अट पुन्हा लागू. 23 जानेवारी 2009, ओबामा : रद्द. 23 जानेवारी 2017, ट्रम्प : लागू, आणि आधीपेक्षा कितीतरी पसरट. 28 जानेवारी 2021, बायडेन : रद्द. 24 जानेवारी 2025, पुन्हा ट्रम्प : पुन्हा लागू.

सही वॉशिंग्टनमध्ये होते आणि तिचे परिणाम नैरोबीतल्या, काठमांडूतल्या दवाखान्यांना भोगावे लागतात. परदेशातल्या ज्या संस्था अमेरिकी सरकारकडून निधी घेतात, त्यांच्यासाठी ही अट आहे : गर्भपात करायचा नाही आणि त्याचा प्रचारही करायचा नाही. सरकारी भाषेत तिला ‘मेक्सिको सिटी धोरण’ म्हणतात, कारण ऑगस्ट 1984 मध्ये मेक्सिको सिटीत भरलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या परिषदेत रेगन सरकारने ती जाहीर केली. विरोधक तिला ‘ग्लोबल गॅग रूल’ म्हणतात. गॅग म्हणजे तोंडात कोंबलेला बोळा. मराठीत याला अगदी चपखल शब्द आहे : मुस्कटदाबी.

ही मुस्कटदाबी कायदा करूनच कायमची संपवावी, यासाठी अमेरिकी काँग्रेसमध्ये 2017 पासून एक विधेयक पुन्हा पुन्हा मांडलं जातंय. त्याचं नाव ‘ग्लोबल हर ॲक्ट’. त्यातलं ‘हर’ हे आरोग्य, सक्षमीकरण आणि हक्क या तिन्हींच्या इंग्रजी आद्याक्षरांचं आहे. विधेयकाचा गाभा जेमतेम दोन कलमांचा. पण तो कळायचा तर आधी अट कळली पाहिजे, आणि अटीबद्दल सगळ्यात मोठा गैरसमज आहे तो पैशाचा.

पैसा नक्की कुणाचा?

बहुतेकांना वाटतं की अमेरिका एवढंच सांगतेय : आमच्या करदात्यांचा पैसा गर्भपातासाठी वापरू नका. तेवढंच असतं तर वाद खूप लहान राहिला असता. ती बंदी वेगळी आहे आणि ती 1973 सालापासून कायद्यात आहे. त्या वर्षी जानेवारीत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘रो विरुद्ध वेड’ खटल्यात गर्भपाताचा हक्क मान्य केला आणि वर्ष संपण्याआधी सिनेटर जेसी हेल्म्स यांनी परकीय मदतीच्या कायद्यात दुरुस्ती करून घेतली. कुटुंबनियोजनाचा मार्ग म्हणून गर्भपात करण्यासाठी अमेरिकी मदतीतला एक डॉलरही वापरता येणार नाही, असं ती सांगते. ही हेल्म्स दुरुस्ती रिपब्लिकन सरकार असो वा डेमोक्रॅट, कायम लागू असते. क्लिंटन, ओबामा, बायडेन यांच्या काळातही होती.

मेक्सिको सिटी धोरण याच्या पुढे जातं. ते विचारतं, तुमच्या इतर पैशाचं तुम्ही काय करता?

समजा, आफ्रिकेतल्या एखाद्या देशात एक संस्था सहा दवाखाने चालवते. पाच दवाखान्यांत अमेरिकी निधीतून गर्भनिरोधक गोळ्या, तांबी, गरोदरपणातली तपासणी असं काम चालतं. सहावा दवाखाना तिने स्थानिक देणग्या आणि स्वीडनची मदत यांवर उभा केलाय. तिथे त्या देशाच्या कायद्यात बसेल असा गर्भपात केला जातो. बँकखाती वेगळी, वह्या वेगळ्या, इमारतही वेगळी. हेल्म्स दुरुस्तीची यात काहीच हरकत नाही. मेक्सिको सिटी धोरणाची आहे. सहावा दवाखाना चालवायचा असेल तर पाचही दवाखान्यांचा अमेरिकी पैसा बंद. संस्थेला लिहून द्यावं लागतं की आम्ही कुटुंबनियोजनाचा मार्ग म्हणून गर्भपात करणार नाही आणि त्याचा ‘सक्रिय प्रचार’ही करणार नाही, कुणाच्याही पैशाने नाही.

‘सक्रिय प्रचार’ या दोन शब्दांत खरी मेख आहे. सल्ला देणं, दुसऱ्या डॉक्टरकडे चिठ्ठी देणं, जनजागृती करणं, आपल्याच देशाच्या सरकारकडे कायदा सैल करण्याची मागणी करणं, हे सगळं त्यात येतं. बलात्कार, जवळच्या नात्यातून लादलेली गर्भधारणा किंवा आईच्या जिवाला धोका, एवढे अपवाद ठेवले आहेत. अर्धवट किंवा चोरून केलेल्या गर्भपातानंतर बाई रक्तस्राव घेऊन आली तर तिच्यावर उपचार करायलाही मुभा आहे.

समुपदेशनाच्या खोलीत हे कसं चालतं, ते बारकाईने बघण्यासारखं आहे. एखाद्या बाईने विचारलं, ‘सुरक्षित गर्भपात कुठे होईल?’ तर उत्तर द्यायचं का? नियम सांगतो, देता येईल, पण तिन्ही गोष्टी जुळल्या तरच. बाई आधीच गरोदर असली पाहिजे. कायदेशीर गर्भपात करायचाच, हे तिने स्वतःहून स्पष्टपणे सांगितलेलं असलं पाहिजे. आणि आपल्या देशातल्या वैद्यकीय नीतिनियमांनुसार अशा प्रश्नाला उत्तर देणं भाग आहे, असं समुपदेशकाला वाटलं पाहिजे. म्हणजे बाई घाबरलेली असेल, गोंधळलेली असेल, ‘मी काय करू, ताई?’ एवढंच विचारत असेल, तर उत्तर नाही. सगळं पक्कं ठरवून, योग्य शब्दांत विचारलं तर उत्तर मिळेल. ज्या बाईला माहितीची सर्वांत जास्त गरज असते, तिच्यासमोर समुपदेशक गप्प. मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत झोंबणारी गोष्ट हीच वाटते. प्रत्यक्षात तर निधी जाईल या धास्तीने पुष्कळ ठिकाणी कर्मचारी जेवढं बोलायला मुभा आहे तेवढंही बोलत नाहीत.

अटीच्या बाजूने काय म्हणतात?

ज्यांना ही अट हवी आहे त्यांचं म्हणणं नीट ऐकायला हवं, ते काही पोकळ नाही. न्यू जर्सीचे काँग्रेस सदस्य क्रिस स्मिथ ते अनेक दशकं मांडत आहेत. त्यांच्या बाजूचा मुख्य मुद्दा असा : पैशाला रंग नसतो. तुम्ही एका खिशात पैसे घातले की दुसऱ्या खिशातले मोकळे होतात. गोळ्यांचा खर्च अमेरिकेने उचलला म्हणूनच संस्थेला गर्भपाताच्या दवाखान्यासाठी देणगी वापरता आली. ज्या करदात्याला गर्भपात म्हणजे जीव घेणं वाटतं, त्याचा हात अशा रीतीने त्यात गुंतला जातो. शिवाय मदत घ्यायची सक्ती कुणावरच नाही. अट पटत नसेल तर घेऊ नका.

खिशांचा मुद्दा अगदी खोडून काढता येत नाही. पण तोच न्याय लावायचा तर मदत घेणाऱ्या प्रत्येकाच्या प्रत्येक पैशावर देणाऱ्याचा ताबा मानावा लागेल, आणि याला शेवट नाही. ‘नको तर घेऊ नका’ हे म्हणायला सोपं आहे. आजूबाजूच्या शंभर गावांत दुसरा दवाखानाच नसेल तर नकाराची किंमत संस्थेचे विश्वस्त भरत नाहीत, तिथल्या बाया भरतात.

मुळात गर्भपात कमी व्हावेत हा या अटीचा हेतू. ते होतं का? स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी सहाराच्या दक्षिणेकडच्या 26 आफ्रिकी देशांची 1995 ते 2014 या काळातली आकडेवारी तपासली. त्यांचा अभ्यास 2019 मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये छापून आला. जे देश अमेरिकी मदतीवर जास्त अवलंबून होते, तिथे अट लागू असलेल्या काळात, कमी अवलंबून असलेल्या देशांच्या तुलनेत, आधुनिक गर्भनिरोधकांचा वापर सुमारे 14 टक्क्यांनी घटला, गर्भधारणा सुमारे 12 टक्क्यांनी वाढल्या आणि गर्भपात सुमारे 40 टक्क्यांनी वाढले. अट उठली की हे चित्र उलटं फिरायचं. यात कोडं काही नाही. गर्भपाताबद्दल बोलणारी संस्था बहुधा गोळ्या आणि तांबी देणारीही असते. तिचा निधी तोडला की आधी गोळ्या संपतात. त्यानंतर काय होतं ते कुणीही सांगेल.

काठमांडूत घडलेलं

या अटीला नकार देणाऱ्यांत पहिल्यापासून एक नाव आहे, आंतरराष्ट्रीय नियोजित पालकत्व महासंघ, म्हणजेच आयपीपीएफ. मुख्यालय लंडनला, पण जन्म आपल्या मुंबईतला. नोव्हेंबर 1952 मध्ये मुंबईत भरलेल्या परिषदेत हा महासंघ स्थापन झाला. त्या घडामोडींत धन्वंतीबाई रामराव आणि आवाबाई वाडिया यांचा मोठा वाटा होता. 1984 मध्ये महासंघाने सही करायला नकार दिला आणि अमेरिकेचा निधी गमावला. 2001 आणि 2017 मध्येही त्याचं उत्तर तेच राहिलं.

याच महासंघाची नेपाळमधली सदस्य संस्था म्हणजे नेपाळ परिवार नियोजन संघ. 2001 मध्ये बुश यांनी अट परत आणली तेव्हा नेपाळमध्ये गर्भपात हा सरसकट गुन्हा होता आणि त्यासाठी बायका तुरुंगात खितपत पडल्या होत्या. बलात्कारातून गरोदर राहिलेल्या एका अल्पवयीन मुलीला वीस वर्षांची शिक्षा ठोठावली गेली होती. देशात आणि देशाबाहेर ओरड झाल्यावर तिची सुटका झाली. हा कायदा बदलावा म्हणून परिवार नियोजन संघ झटत होता आणि बदल अगदी तोंडावर आला होता.

अशा वेळी वॉशिंग्टनहून कागद आला : निधी हवा तर कायदा बदलण्याबद्दल बोलायचं नाही. संघाने निधी सोडला. संघाचे महासंचालक डॉ. निर्मल बिस्टा जुलै 2001 मध्ये अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे साक्ष द्यायला गेले. त्यांचं सांगणं थोडक्यात असं होतं की सही केली असती तर माझ्याच देशात, माझ्याच लोकप्रतिनिधींपुढे, डोळ्यांनी पाहिलेल्या प्रश्नाबद्दल बोलण्याचा माझा अधिकार गेला असता. पुढच्याच वर्षी, 2002 मध्ये, नेपाळने कायदा बदलला.

आपल्याकडची गोष्ट जरा वेगळी. गर्भपाताच्या कायद्याचा विचार करणाऱ्या समितीचे अध्यक्ष शांतिलाल शहा होते, त्या वेळचे महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री. 1971 मध्ये आपला वैद्यकीय गर्भपात कायदा झाला, तोवर ही अट जन्मालाही आली नव्हती. पण पुढे अट लागू असलेल्या प्रत्येक काळात, अमेरिकेचा कुटुंबनियोजनाचा निधी घेणाऱ्या भारतीय संस्थेपुढे हाच कागद येई. आपल्या संसदेने दिलेली सेवा आपल्याच नागरिकांना द्यायची नाही, असं लिहून मागणारा.

सांगली, आणि कोर्टाची बंद झालेली वाट

मदतीला विचारांची अट जोडण्याचं हे एकच उदाहरण नाही. दुसरं तर सांगलीतून गेलेलं आहे. 2003 मध्ये अमेरिकेने एड्सविरोधी मोठा निधी उभारणारा कायदा केला. त्यात एक कलम होतं : निधी घेणाऱ्या संस्थेने आपण वेश्याव्यवसायाच्या विरोधात आहोत असं स्पष्ट धोरण लिहून दिलं पाहिजे.

सांगलीत मीना शेषू यांची ‘संग्राम’ ही संस्था 1992 पासून वेश्यावस्तीत एचआयव्हीवर काम करत होती. तिच्याच कामातून ‘व्हॅम्प’, म्हणजे वेश्या अन्याय मुक्ती परिषद, उभी राहिली. तिथे काम करणाऱ्या बायका बाहेरून आलेल्या नव्हत्या. धंद्यातल्या बायकाच घरोघरी निरोध पोचवत होत्या, एकमेकींना समजावत होत्या, आजारी मैत्रिणीला सरकारी दवाखान्यात घेऊन जात होत्या. ज्यांच्या खांद्यावर सगळं काम उभं आहे, त्यांच्याच विरोधात असल्याचं धोरण संस्थेने कसं लिहून द्यायचं? 2005 मध्ये संग्रामने अमेरिकी निधी सोडला. त्याच वर्षी ब्राझीलच्या सरकारनेही याच कारणाने 4 कोटी डॉलर नाकारले.

या प्रतिज्ञेविरुद्ध अमेरिकी संस्था कोर्टात गेल्या. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 6 विरुद्ध 2 मतांनी निकाल दिला की सरकार पैशाच्या बदल्यात अमेरिकी संस्थेच्या तोंडी आपलं मत घालू शकत नाही, ते अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं उल्लंघन आहे. निकाल मोठा होता. पण 2020 मध्ये त्याच न्यायालयाने 5 विरुद्ध 3 मतांनी सांगितलं की हे संरक्षण परदेशी संस्थांना नाही, त्या अमेरिकी संस्थांच्याच भगिनी संस्था असल्या तरी नाही. मेक्सिको सिटी धोरणावरचं आव्हानही याआधी, 2002 मध्ये, न्यूयॉर्कच्या संघीय अपील न्यायालयात टिकलं नव्हतं. तो निकाल न्या. सोनिया सोटोमायोर यांनी लिहिला होता, ज्या पुढे सर्वोच्च न्यायालयात गेल्या.

म्हणजे परदेशी संस्थेला अमेरिकी कोर्टाची वाट बंद. राष्ट्राध्यक्षाच्या सहीवर भरवसा नाही. उरतो तो कायदा.

विधेयकात लिहिलंय काय?

राष्ट्राध्यक्षाला ही अट घालता येते ती कुठून? 1961 च्या परकीय मदत कायद्यात लोकसंख्याविषयक मदत ‘राष्ट्राध्यक्ष ठरवतील त्या अटी-शर्तींवर’ देता येईल असे शब्द आहेत. सगळा खेळ या एका वाक्यावर चाललाय. ग्लोबल हर ॲक्ट याच मोकळ्या अधिकाराला कुंपण घालतो.

पहिलं कलम सांगतं : परदेशी संस्था बिगर-अमेरिकी पैशातून काही आरोग्यसेवा, सल्ला किंवा चिठ्ठी देते, एवढ्याच कारणाने तिला मदतीसाठी अपात्र ठरवता येणार नाही. मात्र ती सेवा त्या देशात कायदेशीर असली पाहिजे आणि अमेरिकेत दिली असती तर तिथल्या संघीय कायद्याचाही भंग झाला नसता, अशी असली पाहिजे. दुसरं कलम सांगतं : स्वतःच्या पैशातून प्रचार किंवा पाठपुरावा करण्याबाबत परदेशी संस्थेला तेच नियम लागतील जे मदत घेणाऱ्या अमेरिकी संस्थेला लागतात. जास्त नाहीत.

विधेयक जे करत नाही, तेही तितकंच महत्त्वाचं. ते हेल्म्स दुरुस्तीला हात लावत नाही. विधेयक मंजूर झालं तरी अमेरिकी डॉलरने गर्भपात होणार नाही. ते कुणालाही एक रुपयाचा जादा निधी देत नाही, कुठल्याही देशाचा कायदा बदलत नाही. मला ते पटतं ते याचसाठी. मागणी अगदी मोजकी आहे : तुमच्या पैशावर तुमची अट, आमच्या पैशावर आमची.

सिनेटमध्ये ते न्यू हॅम्पशरच्या जीन शाहीन यांनी आणलं, प्रतिनिधिगृहात सुरुवातीला न्यूयॉर्कच्या नीटा लोवी यांनी. रिपब्लिकन पक्षातल्या सुझन कॉलिन्स आणि लिसा मर्काउस्की यांनी सिनेटमध्ये त्याला साथ दिली आहे. त्याआधीही प्रयत्न झाले होते. बार्बरा बॉक्सर यांनी याच आशयाचं विधेयक आणलं होतं, आणि बुश यांच्या काळात सिनेटने ही अट उठवणाऱ्या दुरुस्त्या एकापेक्षा जास्त वेळा बहुमताने मंजूरही केल्या. पण नकाराधिकाराच्या धमकीपुढे त्या कायद्यापर्यंत पोचल्या नाहीत. याउलट 1999 मध्ये, संयुक्त राष्ट्रांची थकलेली वर्गणी भरण्याच्या बदल्यात, क्लिंटन यांना एका वर्षापुरती ही अट सौम्य रूपात कायद्यात मान्य करावी लागली होती.

अडतं कुठे, तर साध्या हिशेबात. सिनेटमध्ये विरोधकांनी चर्चा लांबवून केलेली अडवणूक मोडायला 100 पैकी 60 मतं लागतात. राष्ट्राध्यक्षाने नकाराधिकार वापरला तर दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश. दुसरी वाट म्हणजे वार्षिक खर्चाच्या विधेयकाला ही तरतूद जोडणं. बायडेन यांच्या काळात प्रतिनिधिगृहाच्या खर्चविधेयकात ती आलीही होती, पण शेवटच्या तडजोडीत गळली. सरकार चालू ठेवायचं तर काहीतरी सोडावं लागतं, आणि सोडायच्या यादीत परदेशातल्या बायकांचा नंबर लवकर लागतो. अट उठवलेल्या चार वर्षांत ती कायमची गाडायची संधी होती. ती हुकली.

तेवढ्यात अटीचा पसारा वाढत गेला. आधी ती कुटुंबनियोजनाच्या सुमारे 60 कोटी डॉलरपुरती होती. 2017 मध्ये ट्रम्प यांनी ती जवळजवळ सगळ्या जागतिक आरोग्यनिधीला लावली, म्हणजे सुमारे 880 कोटी डॉलरना. एचआयव्ही, क्षयरोग, मलेरिया, बालपोषण, सगळ्यांना. 2019 मध्ये परराष्ट्रमंत्री माइक पॉम्पिओ यांनी ती आणखी आवळली. सही केलेल्या संस्थेने, दुसऱ्या देणगीदाराच्या पैशातूनसुद्धा, गर्भपाताचं काम करणाऱ्या संस्थेला मदत करायची नाही. नेदरलँड्सने दिलेल्या युरोवरही वॉशिंग्टनची अट बसली. आणि जानेवारी 2026 मध्ये ट्रम्प सरकारने ती आरोग्याच्या बाहेर, लष्करी नसलेल्या परकीय मदतीपर्यंत वाढवत असल्याचं जाहीर केलं. त्यात लिंगभाव आणि वैविध्य-समावेशन या विषयांवरची बंधनंही जोडली.

यात चालू-बंद होण्याचंच एक वेगळं नुकसान आहे. दवाखाना काही दिव्याच्या बटणासारखा नसतो. निधी थांबला की भाड्याची जागा जाते, अनुभवी परिचारिका दुसरीकडे नोकरी धरते, गावोगाव फिरणाऱ्या कार्यकर्तीची ओळख तुटते. चार वर्षांनी अट उठल्याचं पत्र आलं तरी दुसऱ्या दिवशी हे सगळं परत येत नाही. अनेक संस्था तर मध्यंतरीच्या काळातही जपूनच राहतात, कारण पुढची सही कधी होईल ते सांगता येत नाही. कायदा हवा तो यासाठीही.

आता यूएसएड ही अमेरिकेची परकीय मदत वाटणारी सरकारी संस्थाच उरलेली नाही. 2025 च्या सुरुवातीला मदत गोठवली गेली, मार्चमध्ये परराष्ट्रमंत्री मार्को रुबिओ यांनी 83 टक्के कार्यक्रम रद्द केल्याचं सांगितलं आणि 1 जुलैपासून उरलंसुरलं काम परराष्ट्र खात्याकडे गेलं. ग्लोबल हर ॲक्टने तो गेलेला पैसा परत येणार नाही. पण जो उरला आहे आणि पुढे कधी वाढेल, तो कुठल्याही खात्यातून आला तरी त्यावरची अट मात्र या कायद्याने उठेल.

जानेवारी 2025 मध्ये शाहीन यांनी विधेयक पुन्हा मांडलं. अमेरिकेत दर दोन वर्षांनी नवी काँग्रेस बसते आणि अपुरी राहिलेली सगळी विधेयकं आपोआप बाद होतात. शाहीन 2026 ची निवडणूक लढवत नाहीत. जानेवारी 2027 मध्ये नवी काँग्रेस भरेल तेव्हा ही दोन कलमं कुणाला तरी नव्या क्रमांकाने, पहिल्यापासून मांडावी लागतील.